एक पेर मलम

पेरुंगुडी, चेन्नई
१७ फेब्रुवारी २००८

चि. ऋजुता,

आशीर्वाद पाठवतो आहे. घ्यायचे की पाकिटातच राहू द्यायचे, ते तू ठरव.

तुझ्या आई काल नाशिकला गेल्या. तुझ्या वहिनीला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा त्यांना जाणं भाग होतं. हे देवेशने तुला फोनवर सांगितलं असेलच. त्याने न सांगितलेलं मी सांगतो. आजपासून देविकाची आंघोळ, तिचं पांढरं क्रीम आणि तिचं मलम हे सगळं माझ्याकडे आलं आहे. देवेश पावणेसातला अंबत्तूरला निघतो आणि रात्री आठला उगवतो. त्याची कंपनी त्याच्या मुलीच्या खाजेसाठी गाड्या बनवायच्या थांबणार नाही.

दिवाळीनंतर इस्पितळाच्या व्हरांड्यात तू मला म्हणाली होतीस, "बाबा, आता तुम्ही तिला हात लावू नका." ते मी अक्षरशः पाळलं. एका घरात राहून चार वर्षांच्या नातीला तीन महिने हात न लावणं हे सोपं काम नाही, पण मी तक्रार करत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उठून तिला उटणं चोळलं ते मीच. कातडी आधीच लाल होती, त्यावर मी कचोरा आणि संत्र्याच्या साली घासल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पिवळी खपली, ताप, तीन दिवस सलाईन. तुझं बोलणं मला लागलं, पण ते चूक नव्हतं.

फोनवर तू माझा आवाज ऐकलास की "देवेशला द्या" एवढंच म्हणतेस. म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच "देवेशला द्या" म्हणता येत नाही.

तू तिथल्या साहेबांना मार्चअखेर परत येण्याविषयी विचारून ठेवलंयस असं कळलं. आठ महिन्यांचं काम आहे, पहिल्यांदाच तुझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत, आणि तीही जर्मनीत. तू ते माझ्यामुळे अर्धवट टाकून यावंस असं मला वाटत नाही. बाकी तुझी मर्जी.

तुझी वही मिळाली. फ्रिजवर होती, आता माझ्या उशाशी आहे.

दिनानाथ (देवेशचे वडील)


२ मार्च २००८

चि. ऋजुता,

मी एकतीस वर्षं पुण्यात स्कूटरच्या कारखान्यात रंगखात्यात तपासनीस होतो, हे तू माझ्याकडून इतक्यांदा ऐकलं आहेस की तुला त्याचाही पुरळ उठत असेल. पण आज ते सांगण्याला कारण आहे. माझ्या हाताखालून शेकडो तपासनीस गेले. तुझ्या वहीइतकी नोंद त्यांच्यापैकी एकाने ठेवली असती तर मी त्याला माझी खुर्ची देऊन घरी आलो असतो.

खरं सांगायचं तर आधी मी त्या वहीला हसलो होतो. पोरगी खाजवते त्याचा काय इतिहास लिहायचा, असं देवेशपाशी बोललोही होतो. आता ती दोनदा वाचून झाली. कुठल्या दिवशी टँकरचं पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी कोपर कसे होते. बालवाडीतल्या सतरंजीवर बसली त्या दिवशी गुडघ्यांच्या मागे काय झालं. नवा फ्रॉक न धुता घातला तेव्हा मान. घाम आल्यावर किती मिनिटांत पुसलं तर खाज उठत नाही. हे सगळं तू नोकरी सांभाळून, कंपनीच्या बसमध्ये बसून लिहिलंस. अक्षर हललेलं आहे, त्यावरून कळतं.

तुझ्या वहीप्रमाणे सगळं चाललं आहे. पाणी कोमट, साबण तो बिनफेसाचा, आंघोळ सात मिनिटं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत अंगभर पांढरं क्रीम. मी घड्याळ न्हाणीघराच्या खिळ्याला टांगलं आहे. पहिल्या दिवशी चार मिनिटं लागली, आता अडीचमध्ये होतं. नखं दर रविवारी आणि बुधवारी. खाज सुटली तर खाजवायचं नाही, त्या जागेवर बोटांनी टकटक करायचं. देविका टकटक करते आणि मी "कोण आहे?" विचारतो. ती रोज नवं कोणीतरी असते. काल वीज मंडळाचा माणूस होती.

मलमाचं मापही तुझ्या वहीतच सापडलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक ओळ काढायची, म्हणजे एक पेर. एक पेर मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, कमी नाही, जास्त नाही. असं माप मला कोणी आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. तू दाखवलं होतंस म्हणा. मी बघितलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या कृष्णवेणीबाईंशी हल्ली माझं बोलणं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरचं मराठी, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या पणजोबांनाही जुनं वाटलं असतं, आणि त्यांना माझं मराठी हे सिनेमातलं वाटतं. चेन्नईच्या उकाड्यातसुद्धा त्या मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालतात. मला वाटायचं, सोवळेपणा असेल. परवा देविकाला क्रीम लावताना त्या बघत बसल्या होत्या. मग त्यांनी एक बाही कोपराच्या वर सारली. कातडी जाड, काळी, रेघारेघांची. लहानपणापासून त्यांना हेच आहे. तेव्हा घरच्यांनी काही लावू दिलं नाही.

त्या म्हणाल्या, "उष्णता आहे, बाहेर येऊं द्या मटलें सगळ्यांनीं. साठ वर्षें झालीं, राव. अजून येतेच आहे."

मी मान खाली घालून देविकाला क्रीम लावत राहिलो. कारण "उष्णता बाहेर येऊ द्या" हे वाक्य या घरात कोण म्हणत होतं, ते तुला माहीत आहे.

दिनानाथ


१६ मार्च २००८

चि. ऋजुता,

देविकाचं पुन्हा उसळलं आहे. देवेश फोनवर "थोडंसं" म्हणाला असेल. थोडंसं नाही. दोन्ही कोपरांच्या आत, दोन्ही गुडघ्यांच्या मागे आणि मानेला. उकाडा वाढलाय, आणि बालवाडीत वार्षिक समारंभासाठी तिला जरीचा परकर नेसवून दोन तास बसवून ठेवलं. मी तिथे होतो. मला त्या बाईंना सांगायचं होतं, पण मला तमिळ येत नाही आणि माझं इंग्रजी ऐनवेळी दगा देतं. यापुढे तुझ्या वहीतला उतारा तमिळमध्ये लिहून तिच्या दप्तरात ठेवणार आहे. कृष्णवेणीबाई लिहून देणार आहेत.

काल डॉ. संयुक्तांकडे गेलो. देवेशला सुटी नव्हती म्हणून दुभाषी म्हणून कृष्णवेणीबाई आल्या. डॉक्टरांनी फाईल चाळली आणि एका पानावर थांबल्या. सप्टेंबर-ऑक्टोबर, सौम्य मलम, सहा आठवडे, गुण नाही. म्हणूनच दिवाळीनंतर त्यांनी जास्त तीव्र मलम दिलं होतं. ते या वयात पुनःपुन्हा वापरायला त्यांना नको आहे. आणि सौम्याने गुण येत नाही असं फाईल सांगते. तेव्हा आता पोटातून औषध सुरू करावं, असं त्यांचं मत पडलं. त्यासाठी आधी रक्त तपासायचं, मग दर महिन्याला तपासत राहायचं. बुधवारी सुरू करू म्हणाल्या.

घरी येऊन मी तुझी वही उघडली. सप्टेंबर-ऑक्टोबरची पानं मी आधी दोन्ही वेळा भराभर उलटली होती. का, ते नंतर लिहीन. या वेळी वाचली. गहू बंद. अंडं बंद. शेंगदाणे बंद. दूध बंद, दही बंद. पाच ऑक्टोबरला, तिच्या वाढदिवशी, तिने "तयिर सादम", म्हणजे आपला दहीभात, मागितला, आणि तू दिला नाहीस. ती रडत झोपली आणि तू जेवली नाहीस. त्या पानाच्या तळाशी तू लिहिलं आहेस: "मलम रोज दोन वेळा लावूनही फरक नाही. माझं काय चुकतंय?"

ऋजुता, तुझं काही चुकत नव्हतं.

आज एवढंच. बाकीचं लिहायला घेतलं होतं, पण तीन कागद फाडले.

दिनानाथ


२० मार्च २००८

चि. ऋजुता,

हे पत्र बसून वाच. अर्धं वाचून फाडलंस तरी चालेल, पण मधला भाग वाचल्याशिवाय फाडू नकोस.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सौम्य मलम देविकाला एकदाही लागलं नाही.

तू सकाळी साडेसातच्या बसने जायचीस आणि परत यायला आठ वाजायचे, म्हणून दोन्ही वेळचं काम तू माझ्यावर सोपवलं होतंस. मलमाच्या खोक्यातल्या कागदावर मी "स्टिरॉइड" हा शब्द वाचला आणि माझं डोकं फिरलं. रोगापेक्षा इलाज भयंकर, असं मी ठरवून टाकलं. आणि आमच्या रंगखात्याचा पहिला नियम असा, की गंजावर रंग मारायचा नाही. वरून गुळगुळीत दिसतं आणि आत पत्रा खात जातो. मला वाटलं, हे मलम म्हणजे तसलाच रंग. आतली उष्णता दबेल आणि पुढे कुठेतरी फुटेल. मी तिला खोबरेल तेल लावत होतो.

तुला सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, आणि त्या वादात मी हरलो असतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही. तू ट्यूब तपासतेस हेही ठाऊक होतं. म्हणून रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं बोटभर मलम मी बेसिनमध्ये पिळत होतो आणि नळ सोडत होतो. तपासनिसाला कसं फसवायचं, ते तपासनिसाइतकं कोणाला कळणार? तू वहीत "दुसरी ट्यूब संपली" असं लिहिलं आहेस. ती बेसिनने संपवली.

त्या सहा आठवड्यांत तू पोरीचं एकेक खाणं काढून घेत होतीस आणि स्वतःला बोल लावत होतीस, आणि मी समोर बसून पेपर वाचत होतो. उटण्याची चूक अडाणीपणाची होती. ही तशी नव्हती. ही रोज दोनदा, समजून-उमजून केलेली होती.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. पण मग फाईलमधल्या त्या खोट्या ओळीवर माझ्या नातीच्या पोटात औषध गेलं असतं आणि दर महिन्याला तिच्या हातात सुई. काल बुधवारी मी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं. कृष्णवेणीबाईंना भाषांतर करायला लावलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच सांगितलं. मला वाटलं होतं, त्या बाहेर घालवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "एकदाही नाही?" मी नाही म्हणालो. त्यांनी पेन घेऊन ती ओळ खोडली.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तू तुझ्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं आहेस, पण मला ते कालच कळलं. आत गंज नाहीच. तिच्या कातडीचा वरचा कोटच जन्मतः विरळ आहे. आतलं पाणी उडून जातं, बाहेरची धूळ, घाम, साबण आत शिरतो, कातडी पेटते, खाज सुटते, खाजवलं की कोट आणखी फाटतो. मलम ती आग विझवायला, थोडे दिवस, मापात. पांढरं क्रीम हा कोट, आणि तो रोज द्यायचा, कातडी चांगली दिसत असली तरी. हे मुळापासून जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत. मोठेपणी बऱ्याच मुलांचं कमी होतं, तोवर सांभाळायचं. आणि दूध-दही बंद करायचं काही कारण तिच्या बाबतीत त्यांना दिसत नाही.

पोटातलं औषध थांबवलं आहे. सौम्य मलम चौदा दिवस, दिवसातून दोनदा, या वेळी खरोखर. त्यानंतर बघू म्हणाल्या.

देवेशला काल संध्याकाळी सांगितलं. तो उठून गच्चीवर गेला. तुला फोनवर काही सांगू नकोस, हे मी त्याला हात जोडून सांगितलं आहे, कारण हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील. तेव्हा चौदातले मोजकेच दिवस उरलेले असतील. तुला लगेच यायचं असेल तर ये. मी पुण्याला जाईन. कृष्णवेणीबाईंना सगळं शिकवून ठेवलं आहे, त्यांची बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे आणखी एक काम तुझ्यावर पडेल.

दिनानाथ


३ एप्रिल २००८

चि. ऋजुता,

पत्र पोचलं असावं. रविवारच्या फोनवर तू देवेशशीही दोनच मिनिटं बोललीस, त्यावरून म्हणतो. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. देविकाला वाटतं, आपण सगळे कुठेतरी जाणार आहोत. तिने तिच्या दोन बाहुल्या त्यात घातल्या आहेत.

काल चौदा दिवस संपले. नोंद तुझ्याच पद्धतीने ठेवली आहे, पानांच्या छायाप्रती सोबत आहेत. पहिल्या दिवशी सकाळी साडेपाच पेरं लागली. चौथ्या दिवशी लाली उतरायला लागली. सहाव्या दिवशी ती पहाटेपर्यंत सलग झोपली. देवेशने दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघितलं, इतकी आम्हाला त्या शांततेची सवय नव्हती. दहाव्या दिवशी मान स्वच्छ. काल सकाळी दीड पेर.

कृष्णवेणीबाईंनीही त्या डॉक्टरांना आपले हात दाखवले, साठ वर्षांत पहिल्यांदा. मी आग्रह केला नव्हता. देविकाने केला. ती त्यांना पाटी, म्हणजे तमिळमधली आजी, म्हणते. म्हणाली, "पाटी, तुम्हीपण टकटक करा." दोघी समोरासमोर बसून आपापले कोपर वाजवत होत्या.

मी या पत्रात स्वतःची टिमकी वाजवत नाहीये. मी काहीच शोधून काढलेलं नाही. जे तू सप्टेंबरात सांगितलं होतंस तेच एप्रिलमध्ये केलं, एवढंच. ही चौदा पानं तुझी आहेत. तुझी पद्धत बरोबर होती, आणि ती तेव्हाही चालली असती. हे मी देवेशला, तुझ्या आईंना आणि डॉ. संयुक्तांना सांगितलं आहे. तुझ्या आई फोनवर मला जे बोलल्या ते मी निमूट ऐकलं. त्यांचं मराठी फार समृद्ध आहे.

ज्या सुनेच्या वहीला मी हसलो, तिच्याकडून मी काम शिकलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

दिनानाथ


१३ एप्रिल २००८

चि. ऋजुता,

काल संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला आणि सवयीने देवेशला हाक मारायला लागलो. तू म्हणालीस, "देवेश नको. तुम्हीच बोला."

मी बसलो.

मग तू म्हणालीस, "बाबा, मी अजून खूप रागावलेली आहे. आज किती पेरं?"

त्यावर मी जे काही केलं ते तुला तिकडे ऐकू आलंच असेल. एकतीस वर्षं आकडे सांगण्यात गेली आणि एक आकडा तोंडातून निघेना. देविकाने फोन घेतला आणि आजोबा रडतायत असं तुला तमिळमध्ये सांगितलं. ते खरं आहे, नाकारत नाही. तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं तुझं. आता लिहून कळवतो.

मान, काही नाही. डावा कोपर, काही नाही. उजवा कोपर, काही नाही. उजव्या गुडघ्याच्या मागे, काही नाही. डाव्या गुडघ्याच्या मागे थोडी लाली आहे, तिथे अर्धं पेर. पांढरं क्रीम अंगभर, अडीच मिनिटांत. उन्हाळा पुढे आहे, मे महिन्यात इथलं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे, तेव्हा पुन्हा उसळेल. उसळलं की मोजून लावीन आणि त्याच दिवशी लिहीन, लपवणार नाही.

पाडव्याला कडुलिंबाची पानं मी स्वतःच चावून खाल्ली, तिच्या आंघोळीच्या पाण्यात टाकली नाहीत. आज इथल्या लोकांचं नवीन वर्ष. कृष्णवेणीबाई सकाळी पायसम घेऊन आल्या. त्यांनी अर्ध्या बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मी बघितलं आणि पायसमसाठी वाटी आणायला आत गेलो. दुपारी देविका तयिर सादम जेवली. दोनदा मागून घेतला. हनुवटीवर दही वाळलं होतं, ते मी घासलं नाही, टिपलं.

तू साहेबांना सप्टेंबरपर्यंत राहते म्हणून कळवलंस, असं देवेश आज म्हणाला. बॅग रिकामी केली. बाहुल्या देविकाला परत दिल्या. हे सगळं मी चांगलं वागलो म्हणून झालं, असं मला वाटत नाही. राग आहे तो राहू दे, त्याला मुदत नाही. पण रागात असूनही तू पेरं विचारलीस.

फोन तुटायच्या आधी तू एक वाक्य बोलली होतीस. देविकाच्या गडबडीत मला ते ऐकू आलं नसेल असं तुला वाटलं असेल. आलं. "उद्याही तुम्हीच लावा."

लावलं.

बाबा